जीपचे पासिंग

आमचा बुलढाणा जिल्हा कागदोपत्री एक असला तरी बोलण्यात त्याचे दोन तुकडे पडतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा ही गावे घाटावरची. मलकापूर, मोताळा, नांदुरा घाटाखालची. मध्ये अजिंठ्याची रांग आडवी झोपलेली. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न जातकुळीचा नसला तर हाच असतो की, पोरगी वर द्यायची की खाली. माझी थोरली बहीण वर दिली. मी मोताळ्याच्या बाजूचा शाळामास्तर. त्यामुळे दर दिवाळीला मुराळी होऊन राजूर घाट चढणे आणि बहिणीला घेऊन तो उतरणे, हे माझे ठरलेले काम.

2014 सालच्या दिवाळीत मात्र भाऊजींनी निरोप धाडला की, एस.टी.ची दगदग नको, आम्ही जीप घेतली आहे. तुम्ही नुसते या.

या जीपची हकीकत अशी. ती मूळची सरकारी. 1974 सालची, विलीज जातीची, चारी चाकांना जोर देणारी. कुठल्याशा खात्यात तिने उमेदीची वर्षे काढली, मग तिचे निर्लेखन होऊन ती लिलावात गेली, तिथून एका व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी भाऊजींकडे. शेतावरचा कापूस, सोयाबीनची पोती, पावसाळ्यात चिखलाची वाट. त्यांना अशीच गाडी हवी होती. घेण्याआधी त्यांनी कागद माझ्याकडे पाठवले होते. “मास्तर, तुम्ही वाचणारे माणूस. एवढं नजरेखालून घाला.”

मी घातले. नोंदणीचे पुस्तक होते, विमा होता, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तीनच आठवड्यांपूर्वी मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासून नोंदणी पुढल्या पाच वर्षांसाठी वाढवून दिल्याची सहीशिक्क्यानिशी नोंद होती. चाळीस वर्षांची गाडी सरकारने पाहिली आणि पास केली, यापलीकडे माझ्यासारख्याने काय पाहायचे? मी भाऊजींना कळवले, “डोळे मिटून घ्या.”

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही निघालो. भाऊजी चाकावर, शेजारी मी, मागे बहीण, भाची आणि अनारशांचा डबा. बुलढाणा सोडून घाटाची उतरण लागली. पाच-सात मिनिटे सगळे ठीक होते. भाऊजी वळणावळणाला ब्रेक दाबत होते, एवढेच माझ्या लक्षात आले. मग एका वळणावर त्यांनी पाय दाबला आणि पॅडल थेट पत्र्याला जाऊन टेकले. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तेच. त्यांच्या तोंडातून शब्द निघाला नाही. मला आठवतो तो त्यांचा कान, लालबुंद झालेला. त्यांनी कसाबसा दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळले, आणि हँडब्रेक त्यांनी दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली तेव्हा चाक मी धरले होते, ज्याला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही! जीप डोंगराच्या अंगाच्या नालीत गेली, दगडाला घासली आणि थांबली. दरीच्या अंगाला गेली असती तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता. भाचीच्या कपाळाला खोक पडली. ती आज शिकून नोकरीला लागली आहे, आणि खोक केसांखाली झाकली जाते. पण दर भाऊबीजेला ओवाळताना माझी नजर तिथेच जाते. “डोळे मिटून घ्या” हे शब्द माझेच होते ना!

गंमत पुढेच आहे. अर्ध्या तासाने भाऊजींनी सहज पॅडल दाबून पाहिले, तर ब्रेक होता तसा लागत होता.

त्या रात्री मी अर्ज लिहायला बसलो. ज्या कार्यालयाने गाडी पास केली त्याच्या वरिष्ठांना. विषय: सदोष वाहनास दाखला दिल्याबाबत. मास्तरकीच्या सवयीने पहिले वाक्य झकास उतरले. पण दुसऱ्या दिवशी जीप ओढून ज्या मिस्त्रींकडे नेली होती त्यांनी माझा तो अर्ज ऐकून घेतला आणि ब्रेक ऑइलची टाकी उघडून आत बोट बुडवले. बोट काळ्या चहासारखे झाले होते.

“हे पाहा मास्तर. हे ऑइल पाणी पेते. हवेतलं पाणी. वर्सानुवर्सं बदललंच नाही तं अर्धं पाणीच होते याचं. घाटात ब्रेक दाबू दाबू ड्रम तापला, हे उकळलं, त्याची वाफ झाली. वाफेले दाबलं तं काय होते? पॅडल खाली. थंडं झालं का पुना ब्रेक हजर.”

“मग पासिंगच्या वेळी साहेबांना हे दिसायला नको?”

“सपाट जागी एक डाव दाबून पाह्यलं असंन त्यायनं. लागला असंन. तुमी बी पाह्यलं असतं तं लागलाच असता.”

माझा अर्ज तिथेच लंगडा झाला. ज्याच्यावर मी खोटेपणाचा आळ घेत होतो त्या माणसाने कदाचित पाहिले तेच लिहिले होते. पण मग तीन आठवड्यांपूर्वीचा तो शिक्का नेमके काय सांगत होता? या एका प्रश्नाने मला पुढे बरेच दिवस जुनी पुस्तके, कायद्याच्या वह्या आणि वर्तमानपत्रांची कात्रणे चाळायला लावली. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे मांडतो. मी इतिहासकार नव्हे. कादंबऱ्या लिहितो आणि मुले शिकवतो.

जीप जन्मली ती परीक्षा देतच. 1940 साली अमेरिकी लष्कराला घोड्याच्या जागी हलकी, चारी चाकांनी ओढणारी गाडी हवी झाली. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने पहिला नमुना सात आठवड्यांत उभा केला आणि त्या सप्टेंबरात तो मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर नेऊन दिला. तिथे तिला गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून शिक्का दिला नाही. चिखलातून, खाचखळग्यांतून, टेकाडांवरून दिवसचे दिवस पिटाळली आणि कुठे काय मोडते ते लिहून काढले. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. तिला ‘जीप’ का म्हणतात यावर अजून एकमत नाही. कुणी लष्करी अक्षरांचा अपभ्रंश म्हणतात, कुणी पॉपायच्या चित्रकथेतल्या एका अजब प्राण्याचे नाव सांगतात. मला दुसरे पटते. कारण तिचा तो लोखंडी भाबडा चेहरा!

युद्ध संपले आणि या लाखो गाड्या जगभर बेवारशी झाल्या. वापरलेल्या, पिटलेल्या, पण आतून दणकट. रंग दिला की नव्या. इथूनच आपल्या विषयाला खरी सुरुवात होते, आणि सुरुवात होते ती थेट दिल्ली-लंडनच्या पातळीवर.

1948 साल. काश्मीरची लढाई पेटलेली, हैदराबादचा प्रश्न डोक्यावर. सैन्याला जीपगाड्या ताबडतोब हव्या होत्या. लंडनमध्ये आपले हाय कमिशनर होते व्ही. के. कृष्ण मेनन. त्यांनी एका परदेशी कंपनीशी दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या जीपगाड्यांचा करार केला. रक्कम ऐंशी लाखांच्या घरात सांगतात. पैशाचा मोठा हिस्सा आगाऊ द्यायचा होता, आणि त्या आगाऊ रकमेसाठी तपासणीच्या दाखल्याची अटच घातलेली नव्हती. हिंदुस्थानच्या किनाऱ्याला शेवटी 155 जीपगाड्या लागल्या. लष्कराच्या माणसांनी त्या पाहिल्या आणि सांगितले की या कामाच्या नाहीत. स्वतंत्र देशातला पहिला मोठा घोटाळा म्हणून ‘जीप प्रकरण’ त्या वेळी संसदेत गाजले. लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, विरोधकांनी चौकशी मागितली. 1955 च्या सप्टेंबरात गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते हे प्रकरण संपल्याचे जाहीर केले, आणि 1956 च्या फेब्रुवारीत मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. कुठल्या न्यायालयात त्यांच्यावर काही शाबीत झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

हे प्रकरण मी पूर्वीही वाचले होते, पण राजकारण म्हणून. या खेपेला वाचले ते जुनी जीप घेतलेल्याचा मेहुणा म्हणून, आणि मला त्यात वेगळेच दिसले. पैसा कुणी खाल्ला हा प्रश्न बाजूला ठेवा. घाई होती, गाड्या वापरलेल्या होत्या, त्या समुद्रापलीकडे होत्या, आणि त्यांना ठोकून-वाजवून पाहणारा कोणी मध्ये नव्हता. भाऊजींची हकीकत याहून काय वेगळी? तिथे निदान दाखलाच नव्हता. आमच्याकडे दाखला होता, आणि त्याच्या भरवशावर मी पाहणेच सोडून दिले होते.

इकडे मुंबईत जीप दुसऱ्या वाटेने आली होती. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 1945 साली ‘महिंद्र आणि महंमद’ ही कंपनी काढली होती. फाळणीनंतर महंमदसाहेब पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली कंपनीचे नाव ‘महिंद्र आणि महिंद्र’ झाले. माझगावला त्यांनी विलीजच्या जीपगाड्यांची जोडणी सुरू केली, आणि पुढे भाग इथेच बनू लागले. 1952 सालच्या गांधीजयंतीला समूह विकास योजना सुरू झाली तसा बी.डी.ओ.साहेब आणि त्यांची जीप ही जोडगोळी गावोगाव दिसू लागली. लसीकरण, निवडणुका, दुष्काळी कामे, तलाठ्यांच्या चौकशा: सरकार म्हणजे काय हे खेड्यातल्या पोराला पहिल्यांदा कळे ते धूळ उडवत येणाऱ्या जीपवरून. माझे वडील सांगत की, जीप आली की आधी पोरे धावत आणि मोठी माणसे घरात जात. पुढे महिंद्रच्याच गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात वडाप करू लागल्या, आणि एका गाडीत किती माणसे मावतात याचे प्रयोग आमच्या जिल्ह्याने फार केले.

आता कायद्याकडे येतो. सणासुदीच्या अंकात कलमे नकोत हे मला समजते, म्हणून थोडक्यात.

1914 सालच्या कायद्याने मोटारींची नोंदणी आणि परवाने आले. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याने माणसे-माल नेणाऱ्या गाड्यांना सुस्थितीचा दाखला लागू केला. आज जो 1988 चा कायदा आहे त्यातही हा भेद राहिला आहे. धंद्याची गाडी ठरल्या मुदतीने पुन:पुन्हा तपासायची. घरगुती गाडीला मात्र पहिल्या नोंदणीनंतर पंधरा वर्षे कोणी हात लावायचा नाही, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी एकदा. म्हणजे भाऊजींच्या जीपला चाळीस वर्षांत नोंदणीसाठी असे किती वेळा पाहिले गेले असेल, ते बोटांवर मोजले तर एका हातावर फक्त एक बोट जास्त लागले. त्याच मुदतीत एखाद्या काळी-पिवळीने किती वेळा रांग लावली असती!

इंग्लंडात हे कसे चालते म्हणून पाहिले. तिथे 1960 साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग यांची सक्तीची चाचणी आली. पुढल्याच वर्षी दहाचे सात झाले आणि 1967 साली सातचे तीन. तिथे घरगुती मोटारही चौथ्या वर्षापासून दरसाल तपासली जाते. आपल्याकडे पंधरा वर्षांचे पंधराच राहिले. बदलली ती फी: 2022 च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीची नोंदणी वाढवण्याचे सहाशेचे पाच हजार झाले.

बरे, तपासायचे काय? 1989 च्या केंद्रीय नियमांत यादी आहे: दिवे, आरसे, भोंगा, काच पुसण्याचे यंत्र, सायलेन्सर, स्पीडोमीटर, स्टिअरिंग, ब्रेक. ब्रेकचे मापही आहे. ताशी 30 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी 13 मीटरांच्या आत थांबली पाहिजे. एकदा. सपाट जागेवर. थंड ब्रेकवर. माझ्या मिस्त्रींनी कायदा वाचला नव्हता, पण सांगितले ते अक्षरश: हेच होते. घाटाच्या मध्यावर पंचविसाव्यांदा दाबलेल्या ब्रेकचे काय होते हे या परीक्षेत विचारलेलेच नाही. शाळेत मी हे रोज पाहतो. एका प्रश्नाचे उत्तर बरोबर आले म्हणून पोराला सगळे येते असे धरून चालावे, अशातला हा प्रकार.

आणि ती सपाट जागा तरी होती का? पुण्याच्या एका गृहस्थाने हाच मुद्दा धरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. परिवहन कार्यालयांत ब्रेक तपासायला 250 मीटरची धावपट्टीच नसेल तर गाडी चालवून पाहतात कुठे? न्यायालयाने 2016 आणि 2017 साली सरकारला चांगलेच खडसावले, आणि जिथे अशी पट्टी नाही तिथे सुस्थितीची तपासणी करू नये इथवर गोष्ट गेली. जिल्ह्याजिल्ह्यांत जागा शोधण्याची धावपळ झाली ती त्यानंतर.

2021 साली यंत्राने तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियम आले. तिथे गाडीची चाके लोखंडी रोलरवर चढवतात आणि ब्रेकची पकड किती, दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे यंत्र आकड्यांत सांगते. यात ओळख, दया आणि चहापाणी यांना वाव कमी, हा मोठा फायदा. पण जीपच्या जातीला यंत्रही जपून लावावे लागते. रोलरवर एका वेळी एकाच आसाची चाके असतात. चालकाने चारी चाकांचा जोर चुकून लावलेलाच ठेवला, तर रोलरबाहेरची दोन चाके गाडीला पुढे ढकलतात, आणि आकडे भलतेच येतात. म्हणजे यंत्रापाशीही गाडी ओळखणारा माणूस लागतोच.

गाडी जुनी म्हणून वाईट असेही मी म्हणत नाही. 1 जुलै 2023 च्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला, समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून पंचवीस माणसे गेली. ती बस अवघ्या तीन-साडेतीन वर्षांची होती. त्या दिवशी शाळेत मुलांना काय शिकवले ते मला आठवत नाही.

पुन्हा मिस्त्रींच्या अंगणात येतो, कारण मुख्य गोष्ट सांगायची राहिली आहे. त्यांनी जीप जॅकवर चढवली आणि तिची जी तपासणी केली ती मी दोन तास उकिडवा बसून पाहिली. पुढचे चाक वर-खाली धरून हलवले: किंगपिन गेलेल्या. टायरॉडला हात लावला: ढिला. मग हातात छोटी हातोडी घेऊन चेसीच्या दोन्ही पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेले. वैद्याने पाठ ठोकावी तसे, कान लावून. टण, टण, टण, आणि पुढच्या कमानपाट्याच्या आधाराशी एकदम ‘थप्’. खरवडले तेव्हा वरचा काळा रंग निघाला, खाली लांबी भरलेली, आणि लांबीखाली वीतभर लांबीची भेग. कोणी तरी ती वेल्डिंग करायच्या ऐवजी बुजवून रंगवून टाकली होती.

त्याच पट्टीवर, भेगेपासून हातभर अंतरावर, चेसीचा नंबर कोरलेला होता. पासिंगच्या वेळी कागद ठेवून वरून पेन्सिल घासून या नंबराचा ठसा घेतात. तो ठसा मी कागदांत पाहिला होता, स्वच्छ आणि ठळक. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी कोणी तरी नेमके त्याच जागी वाकले होते.

मी मिस्त्रींना विचारले की, हे दिसले असते का? ते लगेच बोलले नाहीत. हात पुसले, बिडी पेटवली.

“ठोकलं असतं तं वाजलं असतं,” ते म्हणाले. “पन दिवसाच्या किती गाड्या असतात त्यायले, हे बी पाहा. अन् मास्तर, तुमी घ्यायच्या आंधी मायाकडं आन्ली असती तं पाचशे रुपयांत सांगलं असतं.”

हँडब्रेकने आम्हाला का वाचवले तेही त्यांनीच दाखवले. या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरच्या पेटीमागे शाफ्टवर त्याचा वेगळा लहान ड्रम असतो आणि तो तारेने ओढला जातो. त्याला ऑइलशी देणेघेणे नाही. पायाच्या ब्रेकचे ऑइल उकळत होते तेव्हा ही तार थंड होती. आराखडा ज्यांनी 1940 च्या सुमारास काढला त्यांनी राजूर घाट पाहिला नव्हता, पण पायाचा ब्रेक कधी तरी दगा देईल असे धरून दुसरा वेगळा ठेवला होता.

घरी येऊन मी अर्ज पुन्हा काढला. ब्रेकविषयीचा परिच्छेद खोडला. भेगेविषयीचा ठेवला, मिस्त्रींच्या हातोडीचा उल्लेख केला, आणि मी स्वत: गाडी न पाहता ‘घ्या’ म्हणालो होतो हेही लिहिले. ते वाक्य लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. अर्ज रवाना केला. दोन-अडीच महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: सदर वाहनाची कागदपत्रे नियमानुसार आढळून आली आहेत.

जीप भाऊजींनी विकली नाही. विकायची तर समोरच्याला भेगेचे सांगावे लागेल, आणि सांगितले तर कोणी घेणार नाही, असा त्यांचा हिशेब. चेसीला पट्टी मारून घेतली, किंगपिन बदलल्या, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या. ऑइल आता दर दुसऱ्या दिवाळीला बदलतात. बहीण भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवते. 2019 साली नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि 2024 नंतर ती वाढवलीच नाही. आता ती शेतातल्या गोठ्याला लागून उभी असते, आणि भाऊजी अधूनमधून तिचे इंजिन चालू करून कान देतात.

भाऊबीजेला मात्र मी अजून मुराळी जातो. येताना आम्ही एस.टी.ने घाट उतरतो. बहीण खिडकीशी बसते, अनारशांचा डबा मांडीवर. मी चालकाच्या मागची जागा धरतो आणि राजूर घाट संपेपर्यंत त्याच्या उजव्या पायाकडे पाहत राहतो.